तीन मिनिटं झाली

शनिवारी अकराला हेमराज दोघांना पायरीवर उतरवून गेला
छिंदवाड्याला, साळ्याच्या साक्षगंधाला.
गाडी बंदसुद्धा केली नाही.
पिशवीत सुनेची चिठ्ठी: शर्विलला दूध गाळून,
जुईला मोबाइल अर्धाच तास, दोघांना तिखट नको.

तिखट नको.
गोळीबार चौकात, कोष्ट्याच्या घरात, मटणाच्या दिवशी.
चिठ्ठी मी नीट वाचली, घडी घातली
आणि वीजबिल ठेवते त्या डब्याखाली ठेवली.

आधी कूलर भरला.
निम्मं पाणी टाकीत, निम्मं एकमेकांच्या अंगावर,
उरलेलं खाली पराते वहिनींच्या पापडांवर.
वहिनी ओरडल्या. मीही ओरडले पोट्ट्यांवर,
पण भिंतीकडे तोंड करून.

जुई म्हणे, आजी, 'मले' नाही, 'मला'.
म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं मी 'मला'च म्हणत होते,
कानाला हेडफोन, एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला:
कृपया थांबा. रायपूर, बोला. आपला नंबर लागला आहे.
घरी आलं की चपला काढायच्या दाराशी,
तिथंच 'मला' पण.

फोन जोडायला बाई कशाला लागते,
हे काही त्यांना समजेना.
मग खाली नेलं, माग होता त्या खोलीत.
आता तिथं मंडपवाल्याच्या खुर्च्या, छतापर्यंत.
लाल खुर्ची अकोला, निळी दिल्ली,
पाय मोडलेली भुसावळ.
परकराच्या नाड्या काढून दिल्या तारा म्हणून.
"हॅलो दिल्ली, मी अकोल्याहून बोलून राहिलो."
आणि मी मधे, माझ्या जुन्या आवाजात:
तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?

हेच त्यांना सगळ्यात आवडलं.
आंघोळीला तीन मिनिटं, दात घासायला तीन मिनिटं,
संडासातून शर्विल ओरडतो, "आजी, वाढव!"

रात्री त्यांच्यासाठी बिनतर्रीचं वेगळं काढलं होतं.
शर्विलनं माझ्या ताटात बोट बुडवलं, चाटलं,
आधी कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून पाणी.
तांब्याभर पाणी प्याला
आणि म्हणाला, "अजून."

दोनला तो रडत उठला.
मी जागीच होते. रात्रपाळी अजून अंगात आहे.
आई पाहिजे म्हणे.
एवढ्या रात्री कुठं फोन करायचा लग्नघरी?
नाडीचं एक टोक त्याच्या कानाला लावलं,
हॅलो छिंदवाडा, छिंदवाडा, नागपूर बोलतं आहे.
आता छिंदवाडाही मलाच व्हावं लागलं.
सव्वीस वर्षांत ऐकल्या होत्या की कितीकांच्या आया,
ऐकायचं नसतं, तरी.
पैसे धडधड चाललेले, आणि त्या आधी हेच विचारायच्या.
तेच विचारलं: जेवलास का रे?
"हो," म्हणाला. "तिखट होतं."
नाडी मुठीत घेऊन झोपला.
पलीकडे जुई डोळे मिटून होती,
पण श्वास रोखलेला.
आम्हीही तस्संच ऐकायचो.

रविवार काय, कपडे वाळतात तेवढाच.

सहाला खाली हॉर्न वाजला.
हेमराज वर आला, चप्पल न काढता दारात उभा.
मी म्हटलं, तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?
"वाढव!" दोघं एकदमच.
त्यानं घड्याळ पाहिलं.
"कसली तीन मिनिटं? उद्या पेपर आहे हिचा."

त्याला कसं माहीत असणार.
हे वाक्य मी रात्रभर साऱ्या मुलखाला म्हणायचे तेव्हा
तो बापाजवळ, मागाच्या खड्ड्याशी,
सुताच्या गठ्ठ्यावर झोपलेला असायचा.
मी यायचे तर शाळेत गेलेला.

चहा घे म्हटलं. अर्धा घेतला, उभ्यानं.

शर्विलनं नाडी काही परत दिली नाही,
मनगटाला गुंडाळून गाडीत बसला.
माझा एक परकर आता बिननाडीचा,
दोरीवर आहे.
जुई मात्र काचेतून ओरडली,
"आजी, मले फोन कर!"